फुतोलला तुकडी नव्हती

माझा भाऊ फुतोल हा आमच्या चिफारोन गावातला सगळ्यांत उंच माणूस. विमानात बसून परदेशी खेळायला गेलेलाही तोच पहिला. आणि गेल्या उन्हाळ्यात, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, गावातला सगळ्यांत खालचा माणूसही तोच झाला. हे माझ्या कानावर आलं तेव्हा हातातलं उलथनं तव्यावर पडलं आणि अंड्याची पोळी करपली. हमरस्त्याला लागून माझं न्याहारीचं दुकान आहे. माझ्या, ओसायच्या हातची पोळी करपलेली त्याआधी कुणी पाहिली नव्हती.

आम्हा तैवानच्या आमिस लोकांत पुरुषाकडे एक वेळ पैसा नसला तरी चालतो, तुकडी लागते. दर तीन वर्षांनी पंधराच्या आसपासची पोरं सुगीच्या उत्सवात एकदम आत घेतात, ती झाली एक तुकडी. त्या दिवसांत गावात जे काही मोठं घडलं असेल त्याचं नाव म्हातारे तिला देतात. माझा नवरा ताफोंग टेलिफोनवाला. त्यांच्या मागचे पूलवाले, त्यांच्या मागचे वादळवाले. फेर धरायचा तो तुकडीने, घर दुरुस्त करायचं ते तुकडीने, आणि घरात कुणी गेलं तर मुलाच्या तुकडीने खांदा द्यायचा. मुलाला तुकडी नसली तर जावयाच्या. वरच्या तुकडीने सांगितलं की खालच्यांनी मान खाली घालून ऐकायचं. घरात मात्र आम्हा बायकांचं चालतं. जमीन आमची, घर आमचं, नवरा लग्न करून आमच्याकडे नांदायला येतो. पुरुषांना कुठेतरी मिरवता यावं म्हणून देवाने ही तुकडी काढली असावी.

फुतोल तेरा वर्षांचा असताना एक बास्केटबॉलचा प्रशिक्षक ताइपेहून गाडीने चालला होता. न्याहारीला आमच्याकडे थांबला. तेव्हा दुकान इना, म्हणजे आमची आई, बघायची. फुतोल मागच्या दाराने लाकडं घेऊन आला, चौकटीखालून वाकून. त्या माणसाने सोयाच्या दुधाचा पेला तसाच खाली ठेवला.

"मावशी, हा मुलगा मला द्या," तो म्हणाला.

"पोळी आहे का ती, बांधून द्यायला?" इना म्हणाली.

पण तो पुन्हा आला, मग शाळेचे लोक आले, मग पाद्री आले. वडील मासेमार, त्यांना वाटलं समुद्रापेक्षा बरं. पोरगं ताइपेला वसतिगृहात गेलं. पुढे दर उन्हाळ्यात त्याचं शिबिर असायचं, आणि आमचा उत्सवही नेमका उन्हाळ्यातच. त्याच्या वयाची पोरं पूलवाले म्हणून आत गेली, डोंगरात उपाशी राहिली, गवताचे फटके खाऊन आली, तेव्हा हा कुठल्याशा बंद मैदानात घाम गाळत होता. आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. पूलवाल्यांच्या वयाचा आहे म्हणजे पूलवाला, हे आम्ही धरूनच चाललो. इतकी वर्षं एकानेही तोंड उघडून विचारलं नाही.

तो फार मोठा खेळाडू झाला असं मी म्हणणार नाही. बहीण असले तरी डोळे आहेत मला. तो बास्केट करणारा नव्हता, समोरच्याला बास्केट करू न देणारा होता. त्याला समोरच्या संघातल्या सगळ्यांत भारी गड्यावर सोडायचे, आणि हा त्याला असा चिकटायचा की तो गडी रडकुंडीला यायचा. अशा माणसाचे फोटो छापून येत नाहीत. तरीही काही वर्षं ताइपेत काढल्यावर जपानने त्याला बोलावलं. उत्तरेकडचं बर्फाचं गाव, दुसऱ्या श्रेणीचा संघ. इना पोस्टाने वाळवलेले उडते मासे पाठवायची. पहिल्याच हिवाळ्यात याने खोलीत मासा भाजला, धुराची घंटा वाजली आणि आख्खी इमारत सपाता घालून बर्फात येऊन उभी राहिली. याने सगळ्यांची वाकून वाकून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी संघातले दोघे जण हळूच विचारायला आले, तो मासा उरलाय का.

जपाननंतर मंगोलियात एक हिवाळा. तिथून फोन यायचा तो फक्त थंडीबद्दल. मग मनिला. तिथे मात्र तो रमला. तिथले आकडे आमच्यासारखेच आहेत, पाचाला लिमा, साताला पितो. पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला.

"इना, इथली माणसं आपलीच आहेत. फक्त फार बोलतात."

"मग आपलीच," इना म्हणाली.

पण परदेशी खेळाडूचं जिणं म्हणजे बॅग अर्धी भरलेलीच ठेवायची. करार एका मोसमाचा. संघ जिंकला तर घरच्या पोरांनी जिंकला, हरला की पहिला दोष बाहेरच्याचा. एकदा तर सकाळी सरावाला गेला आणि त्याच्या कपाटावर दुसऱ्याच माणसाचं नाव लागलेलं होतं. हे त्याने आम्हाला दोन वर्षांनी सांगितलं, तेही हसत हसत. मी हसले नाही, मला इतका धक्का बसला की हातातलं फडकं मी त्याच्याच अंगावर फेकलं. दोन्ही गुडघे कापून शिवून झाले होते. जिना उतरताना तो कठड्याला धरून आडवा आडवा उतरायचा, खेकड्यासारखा.

गावात मात्र त्याचा केवढा रुबाब! तो जपानला गेला त्या वर्षी जी पोरं आत आली, त्यांना म्हाताऱ्यांनी नाव दिलं चेंडूवाले. माझ्या भावाच्या खेळावरून एका तुकडीचं नाव! मी आठवडाभर गिऱ्हाइकांना दूध फुकट दिलं. पुढे एकदा, त्याच्या पायाला प्लास्टर होतं म्हणून, तो उत्सवाच्या दिवसांत घरी होता. त्याला तंबूखाली पाहुण्यांच्या खुर्चीत बसवलं, शेजारी जिल्ह्याचा कुणी पुढारी, हातात थंडगार चहा, गळ्यात नवा टॉवेल. तो माईकवर चार शब्द बोलला. आम्ही टाळ्या वाजवल्या. फेर समोरून जात होता आणि तो खुर्चीत होता, हे मी डोळ्यांनी बघितलं आणि मला अभिमान वाटला. एवढी मी शहाणी.

वडील गेले तेव्हा तो मनिलात होता, शेवटचे सामने चालू होते. तो पोचला तेव्हा माती होऊन गेली होती. ताफोंगच्या टेलिफोनवाल्यांनी वडिलांना उचलून टेकडीवर नेलं. पुढे दर फोनवर इनाचं शेवटी एकच.

"तुझ्या बापाला जावयाने नेलं. जावई चांगला आहे. पण मला तू ने."

"इना, तुला काय झालंय? तू माझ्यापेक्षा जोरात चालतेस."

"म्हणूनच आत्ता सांगतेय. नंतर कशी सांगू?"

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर तो कायमचा म्हणून घरी आला. कायमचा हे तो म्हणत होता. माझा विश्वास नव्हता, कारण मनिलाच्या संघाने त्याला मदतनीस प्रशिक्षक म्हणून बोलावलं होतं आणि उत्तर उत्सवानंतर द्यायचं होतं. माझा हिशेब सरळ होता. फेरात पूलवाल्यांच्या मधोमध एकदा उभा राहिला की त्याचे पाय इथे रुजतील. इनाचा जीव शांत होईल. मी त्याचा पोशाख शिवायलाही टाकला, पूलवाल्यांचा लाल. कापड बघून शिंपी म्हणाला, "ओसाय, माणूस आहे की मांडव?"

आणि त्या सकाळी फाकी कातिंग दुकानात आले. फाकी म्हणजे मामा, वयाने मोठ्या कुणालाही म्हणतात; हे मात्र इनाचे थोरले भाऊ, आमचे सख्खे मामा, बाकी गावाचे म्हाताऱ्यांमधले म्हातारे. गालात सुपारी. बाकावर बसले, पोळी सांगितली, आणि म्हणाले, "फुतोलचा पोशाख लाल नको."

"का? पूलवाल्यांनी रंग बदलला?"

"नव्या पोरांचा शिव. हिरवा. यंदा आत येतायत ना ती, अरिक आणि बाकीची. त्यांच्यात."

तेव्हाच ते उलथनं पडलं.

"फाकी, अरिक नववीत आहे!"

"मग फुतोलपण नववीत."

"अहो, त्याचे केस पिकलेत!"

"केसांची तुकडी नसते."

"चेंडूवाल्यांना नाव कुणामुळे दिलंत? तुम्हीच दिलंत ना? आता तो त्यांच्यासाठी पाण्याच्या बादल्या वाहणार? त्यांच्यापुढे गुडघे टेकणार? ते गुडघे टेकतात तरी का बघा एकदा!"

"वाहील. टेकेल." फाकींनी सुपारीचा लाल रस शांतपणे पेल्यात थुंकला. "मी पूलवाल्यांना विचारलं, ओसाय. एकेकाला. ते म्हणाले, तो आमच्याबरोबर धावला नाही, आमच्याबरोबर उपाशी राहिला नाही. आम्ही डोंगरात रडलो तेव्हा तो नव्हता. यात खोटं काय आहे?"

"तो खेळत होता! गावाचं नाव काढत होता!"

"म्हणून तर खुर्ची दिली. खुर्ची अजून आहे. हवी असेल तर टॉवेलसकट."

"तुम्ही त्याचे सख्खे मामा आहात!"

"म्हणून मी स्वतः आलो. परक्याच्या पोराला निरोप पाठवला असता. पोळी करपली बघ."

मी इनाकडे वळले. ती मागे पाटावर बसून रानभाजी निवडत होती. मला वाटलं आता ही भावाला सोलून काढेल. तिने एक जून देठ मोडून टाकला आणि म्हणाली, "हिरवं कापड पुरेल का? लाल उरेल त्याची मला उशी कर."

"इना! तू पण?"

"पोरांची का होईना, पण तुकडी आहे ना? आत्ता तर तीही नाही."

फुतोल मागच्या दारात कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. सगळं ऐकलं होतं त्याने. चेहरा असा उतरला होता, कपाटावर दुसऱ्याचं नाव बघितलं त्या दिवशीही असाच दिसला असेल. मी म्हटलं, "आजच्या आज मनिलाला फोन कर. तिथे तुला सर म्हणतील. इथे काय ठेवलंय? जा तू."

तो बाकावर फाकींच्या शेजारी बसला. बाक करकरला.

"फाकी," त्याने विचारलं, "मनिलाचा करार एका वर्षाचा आहे. इथला किती?"

फाकींच्या आधी इनाच बोलली. "इथला मेलं तरी सुटत नाही."

"मग धावायचं कुठून कुठपर्यंत?" फुतोल म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. माझा भाऊ, ज्याला घ्यायला कधी काळी विमानतळावर फुलं घेऊन माणसं यायची, तो नववीतल्या पोरांबरोबर धावायला कबूल झाला, तेही एका दमात. मी त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं.

उत्सवाचे ते दिवस मी कसे काढले मलाच माहीत. नव्या पोरांनी पाणी आणायचं, सरपण फोडायचं, वरच्यांना सुपारीला चुना लावून द्यायचा, निरोप घेऊन पळायचं. त्या डझनभर पोरांच्या रांगेत फुतोल, सगळ्यांपेक्षा हातभर वर, हिरवा पोशाख, दोन्ही हातांत बादल्या. बाहेरगावची माणसं फोटो काढत होती. एका बाईने मला विचारलं, "ते शिक्षक आहेत का मुलांचे?" मी म्हटलं, "नाही, तो नापास झालेला विद्यार्थी आहे," आणि चुलीकडे तोंड फिरवलं.

त्या वर्षी नव्यांना वळण लावायचं काम चेंडूवाल्यांकडे होतं. त्यांचा म्होरक्या ओफाद, विजेच्या तारा ओढणारा, तिशीला आलेला. लहानपणी या ओफादच्या पलंगाच्या वर, भिंतीला फुतोलचं चित्र होतं. त्याच्या आईने ते माझ्याकडूनच नेलं होतं. तोच आता फुतोलला हुकूम सोडत होता. सोडत होता म्हणजे काय, तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. दारूचा पेला द्यायला फुतोल त्याच्यापुढे गुडघ्यावर बसला, उजवा आधी, मग डावा, दात घट्ट मिटून. ओफादने पेला घेतला तेव्हा अर्धी दारू त्याच्या स्वतःच्याच पायावर सांडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी धावणं. नदीच्या मुखापासून किनाऱ्याच्या गोट्यांवरून थेट चर्चपर्यंत, अनवाणी. जो ज्या क्रमाने पोचेल तो त्या क्रमाने फेरात उभा राहणार, आयुष्यभर. मागून वरचे गवताच्या जुड्या घेऊन येतात आणि रेंगाळणाऱ्याच्या पोटऱ्यांवर ओढतात. गावाला वाटत होतं फुतोल पहिला येणार. मलाही वाटत होतं. गुडघे गेले असले तरी एवढी वर्षं धावण्यावर जगलेला माणूस, त्या शेंबड्या पोरांना काय मोजतो! पहिला आला की मग बघू कोण त्याला खालचा म्हणतं, असं मी मनात मांडे खात उभी होते.

अरिक पहिला आला, नाक पुसत. मग एकेक पोरगं येत राहिलं. जाड्या लेकालही आला, ज्याला शाळेत कुणी शर्यतीत घेत नाही. फुतोल नव्हता. सगळे माना उंच करून बघत राहिले. मग वळणावर तो दिसला. धावणं नव्हतं ते, एकेक पाय उचलून गोट्यावर ठेवणं होतं. मागे ओफाद, हातातली जुडी खाली सोडलेली. तो मारतच नव्हता, वाट काढून दिल्यासारखा नुसता चालत होता.

आमच्यासमोर आल्यावर फुतोल थांबला. मागे वळून त्याने इतक्या मोठ्याने म्हटलं की सगळ्यांनी ऐकलं, "ओफाद, मार."

"दादा, मला नाही जमणार."

"दादा नाही. मार. मला आत यायचंय."

ओफादने जुडी उचलली. पहिला फटका नुसता वाऱ्याने लागावा तसा. "नीट मार!" फुतोल ओरडला. मग ओफादने मारलं, एक, दोन, तीन, पोटऱ्यांवर लाल वळ उठले, आणि मारता मारता तो तिशीचा बाप्या ढसाढसा रडायला लागला. मी इनाचा दंड धरला. इना बघत होती, डोळ्याची पापणी न हलवता. फुतोल उरलेलं अंतर चालला, चर्चच्या पायरीला हात लावला आणि तिथेच बसला. सगळ्यांत शेवटचा. म्हणजे फेरातली सगळ्यांत शेवटची जागा, जन्मभरासाठी.

त्या संध्याकाळी म्हाताऱ्यांनी तुकडीचं नाव सांगितलं, मास्कवाले. साथीची वर्षं होती ना. पोरं हिरमुसली. त्यांना वाटलं होतं काहीतरी झकपक मिळेल. अरिक म्हणाला, "हे काय नाव आहे? म्हातारे झाल्यावर पण मास्कवालेच?" फुतोल म्हणाला, "माझं काय ते बोल, मी तर तुमच्या आधीच म्हातारा होतोय." पोरं खदखदून हसली, आणि मला ते हसू मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात उभं राहून त्याने मनिलाला नाही म्हणून कळवलं. मी समोर होते म्हणून कान दिला, नाहीतर खरं वाटलं नसतं. मग तो गावच्या शाळेत पोरांना खेळ शिकवायला लागला आणि सकाळी माझ्याकडे दूध गाळायला. मास्कवाले शाळेच्या आधी रोज येऊन बसायचे. एकदा अरिक बाकावरून ओरडला, "ए फुतोल, चटणी दे रे!"

मी उलथनं उगारलं. "फाकी म्हण त्याला! बापाच्या वयाचा आहे तुझ्या!"

"ताई, असू दे," फुतोल म्हणाला. "तुकडीत अरे-तुरेच. अहो म्हटलं तर त्याला दंड होतो."

"आणि मला डोकेदुखी होते त्याचं काय?"

अरिकने चटणी स्वतःच घेतली. पण म्हणाला मात्र नाही फाकी.

मला काही ते पचनी पडलं नाही. एवढा घोडा झालेला माणूस, वीस वर्षं परमुलखात एकटा जेवलेला, तो या मिसरूड न फुटलेल्यांत बसून मोबाइलवरचे खेळ शिकतोय. ही कसली तुकडी? हिच्यात ना कुणी भिंत बांधणारं, ना छप्पर चढवणारं. वेळप्रसंग आला तर ताफोंगचे टेलिफोनवाले होतेच, हे मी मनाशी पक्कं करून ठेवलं होतं.

वेळप्रसंग इतक्या लवकर येईल हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. थंडी सुरू व्हायच्या बेतात होती. रविवारची सकाळ. इना चुलीवर चिकट भात वाफवायला ठेवून बसली होती. मला म्हणाली, "ओसाय, जाळ थोडा कमी कर." मी लाकूड मागे ओढलं आणि चर्चला जायचे कपडे काढायला आत गेले. परत आले तर ती भिंतीला टेकलेली, हात मांडीवर. मला वाटलं डोळा लागला. मी म्हटलं, "इना, उठ, उशीर होतोय." दोनदा म्हटलं. भात शिजला होता, वाफ येत होती, आणि इना नव्हती. आदल्या दिवशी ती खडकांवर शिंपले वेचून आली होती! मी ओरडलेच नाही. मी भात उतरवला. खरंच, आधी भात उतरवला, मग मला कळलं.

ताफोंगने लगेच फोन सुरू केले. त्याच्या तुकडीतले निम्मे आता शहरात, कुणी ट्रक चालवतो, कुणी इमारतीच्या कामावर. तरी तो जमवत होता. टेकडीवरच्या कबरस्तानाची वाट अशी चढाची की तिथे गाडी जात नाही, खांद्यावरच न्यावं लागतं. फुतोल इनाच्या पायाशी बसून होता. मी त्याला काही विचारलं नाही. काय विचारणार? कुणाला बोलाव म्हणू, नववीच्या वर्गाला?

माती द्यायच्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि मी थिजले. अंगणात मास्कवाले उभे होते. सगळे. शाळेच्या गणवेशात, कारण काळे कपडे त्यांच्याकडे कुठले! हातात कुदळी, कुदळींना ओली माती. आदल्या दुपारपासून त्यांनीच खड्डा खणला होता आणि मला पत्ता नव्हता. अरिकच्या तळहाताला फोड आलेले. पुढे होऊन तो म्हणाला, "ओसाय ताई, आम्ही इनाला न्यायला आलोय."

"तुम्ही? पोरांनो, चढ आहे. पेटी जड आहे. टेलिफोनवाले येतायत."

"ते मुलाच्या तुकडीने करायचं असतं," अरिक म्हणाला. आवाज फुटत होता त्याचा, रडण्याने की वयाने, कोण जाणे. "फुतोल आमचा आहे."

ताफोंगने हातातला फोन खिशात ठेवला. फाकी कातिंग ओट्यावर काठी धरून उभे होते, ते नुसते बाजूला झाले.

त्यांनी पेटी उचलली. चढाला खालच्या बाजूला जास्त भार येतो म्हणून फुतोल मागे, आणि दोन्ही बाजूंनी पोरं, अरिक त्याच्या शेजारी. मी आणि बाकीच्या बायका मागून निघालो. माझ्या मनात एकच धास्ती. हा एवढा उंच, पोरं त्याच्या छातीला लागणारी. हा चालायला लागला की त्याच्या बाजूने पेटी वर जाणार, शेजारच्या पोरांचे खांदे सुटणार आणि इना त्यांच्या अंगावर कलंडणार. मी पेटीवरची नजर काढेना. पण पेटी हलली नाही. चढावर तर ती चटईसारखी सपाट चालली होती. हे कसं, म्हणून मी खाली बघितलं.

फुतोल गुडघे वाकवून चालत होता. पूर्ण वाकवून, अर्धवट बसल्यासारखा, मांड्या आडव्या, खांदा बरोब्बर अरिकच्या खांद्याच्या रेषेत. ते कापून शिवलेले गुडघे. प्रत्येक पावलाला त्याच्या पोटरीची शीर थरथरत होती आणि कपाळावरून पाणी गळत होतं. वाट अजून अर्धीही सरली नव्हती.

"फुतोल, सरळ हो!" माझ्या तोंडून किंचाळीच निघाली. "अरे, गुडघे कायमचे जातील. ताफोंगला घे मागे!"

त्याने मान वळवली नाही. "ताई, मी सरळ झालो तर इना पोरांच्या अंगावर जाईल. तू बोलू नकोस, मला दम पुरत नाही."

मी तोंडात पदर घातल्यासारखा हात दाबून धरला. देवा, या माणसाला मी नापास म्हटलं होतं. मागून बायकांची रड थांबली होती, सगळ्या त्याचे गुडघेच बघत होत्या. शेवटचा चढ आला, सगळ्यांत उभा. पुढची पोरं वर चढली, मागे अरिकचा पाय मुरमावर सरकला, त्याचा खांदा पेटीपासून सुटला आणि तो रडत रडत म्हणाला, "ए फुतोल, अजून थोडा खाली हो ना, मला पोचत नाहीये."

आणि फुतोल अजून थोडा खाली झाला.